झुंबर सामाईक राहील

टू-वे स्विच म्हणजे काय, हे मी आयुष्यात जितक्या लोकांना समजावलं, तितक्यांना ते खरंच समजलं असतं, तर आज दौंड आणि शिरूर तालुक्यांत घरटी एक वायरमन झाला असता. तसं काही झालेलं नाही. लोक ऐकून घेतात, मान डोलवतात, चहा पाजतात आणि मग विचारतात, "ते समदं खरं मामा, पण बटण खाली म्हंजी चालू का वर म्हंजी चालू?"

तेव्हा आधी तेवढं सांगून मोकळा होतो. जिन्याच्या पायथ्याशी एक बटण, वर एक बटण, लाईट एकच. खाली लावायचा, वर जाऊन घालवायचा. साध्या बटणाला दोन टोकं असतात, ह्याला तीन. दोन बटणांच्या मधे दोन वायरी टाकलेल्या असतात. दोन्ही बटणं एकाच वायरीवर आली की लाईट लागतो, वेगवेगळ्या वायरींवर गेली की जातो. म्हणून ह्या बटणाला कायमचं खाली-वर नसतं. आज खाली म्हणजे चालू, उद्या खाली म्हणजे बंद. ते दुसऱ्या बटणाचं काय चाललंय त्यावर ठरतं.

कासुर्डीत एक गणिताचे गुरुजी होते. त्यांच्या जिन्याला मी हे फिटिंग करून दिलं. गुरुजींनी दोन्ही बटणांवर सुबक अक्षरात "चालू" आणि "बंद" अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. पंधरा दिवसांनी माझ्या दारात हजर. "तुमचं बटण निम्म्या वेळा खोटं बोलतं." मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि घरी जाऊन खालच्या बटणावर चिकटपट्टी मारून टाकली. पुढं कायम टॉर्च घेऊन जिना चढायचे. "सिद्धता पटली, पण मनाला पटत नाही," असं त्यांनी मला भर बाजारात ऐकवलं होतं.

मी वायरमन म्हणजे खांबावर चढणारा नव्हे. हेही सांगावं लागतं, कारण गावात डीपीचा फ्यूज उडाला की निम्मी आळी माझ्या नावानं ओरडते. मी घरातला. त्याआधी आठ वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, कारेगावात खोली करून राहायचो. मशीन थांबलं की चार साहेब भोवती उभे राहायचे आणि "कितना टाईम, कितना टाईम" करत डोकं खायचे. मला राग पटकन येतो. एकदा मी म्हटलं, "तुम्ही पकडा पाना, मैं पूछता हूँ कितना टाईम." त्यानंतर मी घरगुती फिटिंगच्या धंद्यात आलो. वाटलं, घरात साहेब नसतो. घरात किती साहेब असतात ते हळूहळू कळत गेलं.

एक मात्र छातीवर हात ठेवून सांगत होतो, की माझं फिटिंग दुसऱ्या माणसाला उघडावं लागलं नाही. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी इतक्या वेळा बोललो की शेवटी मलाच ते उघडावं लागलं. ती हकीकत सांगायला बसलोय.

मांडवगण फराट्याला दोन भावांचा एक बंगला आहे. थोरले दत्ताआप्पा, धाकटे बाळासाहेब आणि त्यांची आई जिजी. नावं बदलली आहेत. दोघांची परवानगी घेतली, तर म्हणाले, "नावं बदला मामा, गाव राहू द्या. गावाचं नाव तेवढंच छापून येतंय."

ऊस चांगला, विहिरींना पाणी, घरात दोन ट्रॅक्टर. बंगला बांधला तेव्हा दोघं एकत्र होते. मधोमध मोठा हॉल, डावीकडं आप्पांच्या खोल्या, उजवीकडं बाळासाहेबांच्या. सगळ्या खिडक्या त्या खोल्यांनी खाल्ल्या. हॉलला उजेड काय तो पुढच्या दाराचा. भर दुपारी बारा वाजता लाईट लावल्याशिवाय समोरचा माणूस हसतोय का रागावलाय ते कळायचं नाही. इंजिनियरला विचारलं तर तो म्हणाला, म्हणून तर नकाशात झुंबर दाखवलंय. झुंबर बारा दिव्यांचं, पितळी फांद्यांचं. त्याच्या उजेडात, मागच्या भिंतीला मधोमध लागून जिजीचा दिवाण. ती त्याला खाटच म्हणायची.

बंगल्याचा रंग वाळतोय तोवर भावांचं बिनसलं. कशावरून ते मला माहीत नाही, आणि विचारलं असतं तर त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. वाटणीला पंच बसले. जमीन झाली, विहिरीच्या पाळ्या झाल्या, म्हशी झाल्या. हॉलपाशी येऊन गाडी अडली. दोघंही म्हणाले, मधोमध भिंत घाला. त्यावर जिजी खाटेवरूनच बोलली, "माझी खाट हितनं हलायची न्हाई. माझ्या माघारी काय भिती घालायच्या त्या घाला."

पंचांनी कागदावर लिहून टाकलं: जिजी आहे तोवर हॉल सामाईक, त्यानंतर मधोमध भिंत. आणि खाली आणखी एक ओळ, जी मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे: झुंबर सामाईक राहील. भिंत घातल्यावर झुंबर सामाईक कसं राहणार, हे विचारायचं सगळ्यांचंच राहून गेलं. त्या आठवड्यातच विटांची ट्रॉली येऊन अंगणात रिकामी झाली. आई धडधाकट जिवंत, आणि तिच्या माघारी घालायच्या भिंतीच्या विटा दारात रचलेल्या. जिजी सकाळी उन्हाला ओट्यावर बसायची ती त्या विटांकडं तोंड करून. मला आजही ते आठवलं की संताप येतो.

मग मला बोलावणं आलं. आप्पा म्हणाले, "मामा, झुंबराचं बटण माझ्या दाराशी पायजे."

बाळासाहेब म्हणाले, "आन् माझ्या बी."

"आन् नुस्तं चालू-बंद न्हाई. कमी-जास्त करता आलं पायजे." हे आप्पा.

"दोन्हीकडनं," हे बाळासाहेब.

दोघं बोलत होते माझ्याशी आणि बघत होते झुंबराकडं. एकमेकांशी थेट बोलणं बंद होतं. मी मधे उभा राहून ह्याचं त्याला, त्याचं ह्याला करत होतो, तेही चार हातांच्या अंतरावर.

कमी-जास्त करणाऱ्या बटणाला डिमर म्हणतात. पंख्याचा रेग्युलेटर असतो तसंच गोल, फिरवायचं. मी तोवर पुष्कळ डिमर बसवले होते, पण एका लाईटला एक. एकाच लाईटला दोन ठिकाणी डिमर हे काम मी केलं नव्हतं. आता शहाण्या माणसानं काय करावं? कुणाला तरी विचारावं. पण ज्याचं फिटिंग उघडावं लागत नाही त्यानं कुणाला विचारायचं? जिन्याचं दोन ठिकाणी होतं तर डिमरचं का होणार नाही, असा हिशोब मनाशी मांडला आणि एकाच वायरवर एकामागं एक दोन डिमर बसवले. एक आप्पांच्या चौकटीच्या आतल्या अंगाला, एक बाळासाहेबांच्या. दोन्ही फुल्ल करून बघितलं. झुंबर लखलखलं. आप्पांच्या घरच्यांनी जेवायला वाढलं, बाळासाहेबांकडं परत वाढलं. दोन्हीकडं जेवलो, दोन्हीकडं माझं ठरलेलं वाक्य बोललो आणि गाडीला किक मारली.

दहा दिवसांत फोन. "मामा, लाईट वाढंना."

गेलो. हॉलमधे झुंबर मिणमिणत होतं, शिवाय थरथरत होतं आणि बारीक आवाजात गुंगत होतं. आप्पांनी माझ्यासमोर त्यांचं बटण गच्च फुल्ल केलं. काही फरक नाही. मी पलीकडं जाऊन बघितलं, बाळासाहेबांचं बटण तळाला होतं आणि बाळासाहेब ऊस तोडायला. तिथंच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. झुंबरात मात्र नाही.

शेतातल्या पाईपलाईनवर एकामागं एक दोन कॉक बसवून बघा. पाणी किती येणार ते जो कॉक जास्त बंद आहे तो ठरवतो. दुसरा तुम्ही कितीही उघडा, एक थेंब वाढायचा नाही. मी नेमकं तेच केलं होतं. दोन भांडणाऱ्या भावांना मी असं यंत्र दिलं होतं की उजेड कमी कुणीही करावा, वाढवणं मात्र एकट्याच्या हातात नाही. त्यात दुसऱ्या डिमरला पहिल्यानं आधीच तोडलेला करंट मिळतो, म्हणून ती थरथर आणि तो आवाज. चूक शंभर टक्के माझी. एका मिनिटात कळली.

आणि मी तोंड वर करून म्हणालो, "व्होल्टेजचा प्रॉब्लेम हाय आप्पा. खालनंच कमी येतंय."

आमच्या भागात ह्या वाक्याला कुणी उलट तपासत नाही. मोटर जळो, टीव्ही जावो, गिरणी थांबो, व्होल्टेज म्हटलं की माणूस निमूट मान हलवतो. आप्पांनीही हलवली. मी दोन्ही बटणं फुल्ल करून, झुंबर उजळवून, घाम पुसत बाहेर पडलो. नाव वाचलं म्हणून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. बाळासाहेबांच्या घरचं कुणी दुपारी झोपताना दारातून तिरीप येते म्हणून बटण खाली करायचं. आप्पा आले की अंधार. आप्पा बटण पिरगाळायचे, उजेड वाढायचा नाही. मग रागानं तेही आपलं बटण तळाला नेऊन ठेवायचे. आता बाळासाहेब आले की त्यांना अंधार. आप्पा मला शिरूरच्या बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मुद्दाम करतंय त्ये. मला आंधारात बसवतंय." बाळासाहेब दौंडला भेटले. "थोरल्यांनी बटण तळाला करून ठिवलंय. व्होल्टेज कसलं, मनातच कमी हाय त्येंच्या." मी दोघांनाही म्हणालो, बघू, व्होल्टेज सुधारेल. व्होल्टेज चांगलं दोनशे तीस होतं.

मग एक दिवस जिजीनं शेजारच्या पोरीकडून फोन लावून घेतला. स्वतः बोलली, मामा न म्हणता नावानं. "इष्णू, जरा यिऊन जा. गवंडी आलावता."

मी गेलो तेव्हा भर दुपार होती आणि दोन्ही भाऊ रानात होते. हॉलच्या पांढऱ्या फरशीवर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत गेरूची लाल रेघ ओढलेली. ती सरळ जिजीच्या दिवाणाखालून गेली होती. दोन पाय अलीकडं, दोन पाय पलीकडं. जिजी वर मांडी घालून बसली होती, आणि मिणमिणत्या उजेडात ताटातली तूरडाळ डोळ्यांपाशी नेऊन निवडत होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा तसाच.

"माझ्या माघारी घालायची ठरली व्हती," ती म्हणाली. "आता म्हणत्यात, थांबायचं न्हाई. लाईटावरनं रोज कटकट. आठ दिसांनी गवंडी मोकळा व्हनार हाय. मला इचारत्यात, जिजे, तुझी खाट अल्याड ठिवू का पल्याड?"

मी रेघेवरचा पाय बाजूला घेतला.

"इष्णू, खरं सांग. कोण कमी करतंय लाईट? आप्पा का बाळू?"

तेव्हा मला स्वतःची जी लाज वाटली ती आठवली तरी कान गरम होतात. मी म्हणालो, "जिजी, दोघंबी न्हाईत. मी." आणि खाली फरशीवर, लाल रेघेच्या अलीकडं बसून तिला सगळं सांगितलं. पाईपाचं उदाहरण देऊन सांगितलं.

तिनं डाळीचं ताट बाजूला ठेवलं. "म्हंजी येका पायपाला दोन कॉक?"

"व्हय."

"आरं मुडद्या," ती म्हणाली, "ह्ये तर रोजगाऱ्याला बी कळंल!" मग ताट परत ओढून घेत, "ठीक करता येतंय का?"

"येतंय."

"मंग आदी त्येंला सांग. तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारी मधी पडती."

दोघं रानातून येईपर्यंत मी थांबलो. आयुष्यात मशीनखाली झोपून काम केलंय, चालू लाईनवर हात घातलाय, पण तो तासभर त्याहून अवघड गेला. आप्पा आले, मागून बाळासाहेब. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "व्होल्टेजचं मी खोटं बोललो. फिटिंग चुकीचं केलं मी. तुमच्यातल्या कुणीच कुणाला अंधारात ठिवलं न्हाई."

आप्पा भडकले. "आरं मामा, तुझ्यापायी मी सख्ख्या भावाला काय-काय बोललो!" बाळासाहेबांनी वर झुंबराकडं बघितलं. मग एकदम खो खो हसत सुटले. "म्हंजी हे वायरमन आपल्या दोघांस्नी खेळवत व्हतं व्हय!" हे ते आप्पांकडं बघून बोलले. थेट. कितीतरी महिन्यांनी. आप्पांनी ते ऐकलं आणि मलाच आणखी दोन शिव्या दिल्या. मी त्या आनंदानं घेतल्या.

तरी रेघ पुसायला कुणी तयार नव्हतं. गवंड्याला आठ दिवस होते. "करून दाखव, मंग बगू," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन मी, केस पांढरे झालेल्या माणसानं, एका दुकानदाराला विचारलं, "एका लाईटला दोन ठिकाणी डिमर कसा करतात हो?" त्यानं माझ्याकडं वर बघितलंही नाही. "डिमर एकच असतो काका. दोन कशाला लावता?" म्हणाला, आणि काड्यापेटीपेक्षा जरा मोठी एक डबी काउंटरवर ठेवली. डिमर डबीत, डबी वर झुंबराच्या छताला टेकलेल्या वाटीत. दारापाशी नुसती बटणं, आपल्या बेलची असतात तशी. टिचकी मारली की लाईट लागतो, परत टिचकी मारली की जातो. दाबून धरलं की वाढत जातो, सोडून परत दाबून धरलं की कमी होत जातो. बटणं दोन लावा नाहीतर दहा, सगळी एकाच डबीला निरोप देतात. शेवटचा निरोप खरा. आणि बल्बही तसले लागतात, खोक्यावर डिमेबल लिहिलेले, नाहीतर लुकलुकतात. बाराच्या बारा बदलले.

सगळी जोडणी करून शिडीवरून उतरत होतो तर जिजी म्हणाली, "आन् माझं?"

"तुमचं काय?"

"बटण. आप्पाचं झालं, बाळूचं झालं. दिवसभर ह्या लाईटाखाली मी बसती. मला कुणी इचारलं का?"

खरं सांगतो, मला चपराक बसल्यासारखं झालं. पंचांनी विचारलं नाही, पोरांनी विचारलं नाही, इंजिनियरनं नाही, आणि इतक्या खेपा घालून मीही नाही. त्या उजेडाशी खरं काम एकट्या त्या बाईला होतं. डाळ निवडताना तिला तो भरपूर हवा असायचा, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला दुपारी तोच सुयांसारखा टोचायचा. मी भिंतीतून एक वायर खाली उतरवली आणि दिवाणाच्या कडेला, फळीच्या खालच्या अंगाला, तिच्या बोटांना लागेल असं तिसरं बटण बसवलं. चादर खाली सोडली की दिसत नव्हतं. तिनं दाबून धरून बघितलं, सोडून परत बघितलं. गुरुजींना पंधरा दिवसांत जमलं नव्हतं ते तिला दोन खेपांत जमलं.

"त्येंला सांगू नको," ती म्हणाली. "म्हणतील म्हातारीला कशाला. शब्द दे."

मी शब्द दिला, सांगणार नाही म्हणून.

आठ दिवसांनी गवंडी आला तेव्हा त्याला पुढची तारीख मिळाली. मग त्याच्या पुढची. रेघ रोजच्या फरशी पुसण्यात फिकट होत गेली. विटा मात्र तशाच होत्या.

पुढच्या पावसाळ्यात कसल्याशा कामाला गेलो होतो, तर जिजीनं मला जवळ बसवून गंमत दाखवली. बाहेर चपला वाजल्या. "आप्पा," ती पुटपुटली, आणि हात चादरीखाली गेला. आप्पांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि झुंबर हळूहळू उजळलं. आप्पांनी बाळासाहेबांच्या दाराकडं बघितलं, दार लोटलेलं होतं. चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं आलं, आणि ते आत गेले. "बाळूचं पाऊल जड पडतंय," जिजी म्हणाली, "आन् त्येला जेवून पडल्यावर दारातनं उजेड खुपतोय. तवा मी बारीक करती." तिच्या तोंडावर असं हसू होतं की शाळेत मास्तरांची टोपी लपवलेल्या पोरीचं असावं.

त्यानंतर आप्पा मला बाजारात भेटले. "बाळू सुधारला हो मामा. मी घरात शिरलो की त्येच्याकडनं लाईट वाढतोय. बोलत न्हाई, पर करतोय." महिन्याभरात बाळासाहेब भेटले. "आप्पांस्नी माया हाय. मी पडलो की बारीक करत्यात." मी जीभ चावून गप्प राहिलो. बोलून बिघडवायचं काम मी आधी एकदा केलं होतं. पुढं त्या वर्षी दोघांनी विहिरीच्या पाळ्या आपसात बदलून घेतल्या, पंच न बोलावता. एकमेकांना हाका मारायला लागले. आणि ज्या कामाचं कौतुक चाललं होतं ते दोघांपैकी कुणीच केलं नव्हतं.

जिजी गेली ती उन्हाळ्यात, झोपेतच. मी मातीला गेलो होतो. तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी आप्पांचा फोन आला. "मामा, झुंबर अडकलंय."

गेलो. दिवाण तिथंच होता, चादर नवी. झुंबर अर्ध्यावर जळत होतं. मी आप्पांचं बटण दाबलं, वाढलं. बाळासाहेबांचं दाबलं, कमी झालं. "चालू हाय की. काय अडकलंय?"

मग आप्पा म्हणाले, "आधी आपसूक वाढायचं. आता न्हाई वाढत." आणि बाळासाहेब भिंतीकडं बघत म्हणाले, "बारीक बी व्हत न्हाई."

आप्पांनी मला ओट्यावर बाजूला घेतलं. "जिजी गेली, तसं बाळूचं मन बी फिरलं मामा. तीच मधी धरून व्हती. आता कागदात लिवलंय तसं उरकून टाकू. गवंडी सोमवारी येतोय." मी आत आलो तर बाळासाहेबांनी हेच सांगितलं, फक्त आप्पांचं नाव घालून. फरशीवर नवी लाल रेघ होती. दिवाणाखालूनच गेलेली.

आता माझी पंचाईत बघा. गेलेल्या बाईला शब्द दिलेला, आणि न बोलावं तर सोमवारी भिंत. बोलावं तर ह्या दोघांना कळणार की दोन वर्षं भावानं माया केली ती केलीच नव्हती. मग तर भिंत दोन विटा जास्तच जाड व्हायची. मी शिडीला टेकून बराच वेळ नुसता उभा राहिलो. मग आठवलं, मी सांगणार नाही असा शब्द दिला होता. दाखवणार नाही असा दिला नव्हता.

"दिवाण जरा सरकवा," मी म्हणालो. "वायर बघायचीय."

दोघांनी दोन टोकं धरली. दिवाण भिंतीपासून सुटला, चादर वर गेली आणि फळीच्या कडेला ते बटण दिसलं. पांढरं होतं, बोट लागून लागून मधोमध पिवळसर झालेलं. भिंतीकडं गेलेली वायरही दिसली. दोघंही वाकून बघत राहिले. बाळासाहेबांनी हात पुढं केला, दाबून धरलं. झुंबर वाढत वाढत पूर्ण उजळलं.

"म्हंजी मी आल्यावर..." आप्पा म्हणाले. "तू न्हवतास?"

"न्हाई," बाळासाहेब म्हणाले. "आन् मी पडल्यावर तुमी?"

"न्हाई."

आप्पा रेघेवरच खाली बसले, मोठ्यानं रडायला लागले. बाळासाहेब उभे होते ते उभेच राहिले, बटणावरचं बोट न काढता. मी माझी हत्यारं पिशवीत भरली. घरी जाईपर्यंत मला एकच वाटत होतं, की इष्णू, व्होल्टेजचं खोटं बोलून एकदा घर मोडत आणलं होतंस, आज खरं दाखवून पुरतं मोडलंस. सोमवारी फोन आला नाही, मीही केला नाही.

दिवाळी झाल्यावर त्यांच्या मोटरचा स्टार्टर बिघडला म्हणून बोलावणं आलं. जायचं जिवावर आलं होतं. अंगणात शिरलो तर विटा होत्या, पण त्यांवर दोडक्याचा वेल चढवलेला आणि दोडके लोंबत होते. ओट्यावर चपला काढल्या. हॉलमधे अर्धा अंधार दिसत होता. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि झुंबर हळूहळू उजळलं.

आत भिंत नव्हती. फरशी स्वच्छ होती. बाळासाहेब समोर खुर्चीत मोबाईल बघत बसले होते, दोन्ही हात दिसत होते. आप्पा जिजीच्या दिवाणावर मांडी घालून पेपर वाचत होते. पेपर एकाच हातात होता.

"लाईट कुणी वाढवला?" मी विचारलं.

आप्पांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

"व्होल्टेज, मामा," ते म्हणाले. "खालनंच जास्त येतंय."